मुलाच्या पगाराची शिल्लक

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत बुटीबोरी, हिंगणा, वाडी व मिहान येथील कारखान्यांत व कचेऱ्यांत काम करणाऱ्या तरुणांच्या खात्यांवर पगार जमा होतो. या तरुणांपैकीं पुष्कळजण काटोल, नरखेड, सावनेर, कळमेश्वर, उमरेड इत्यादि तालुक्यांतील शेतकऱ्यांचे मुलगे आहेत, व आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरचाच एखादा मुलगा त्यांत असेल. बापाच्या हातीं पैसा वर्षांतून एकदां किंवा दोनदां येतो. सोयाबीन निघालें, कापसाचे वेचे झाले, संत्र्याचा बहार विकला गेला म्हणजे येतो. मुलाच्या हातीं तो वर्षांतून बारा वेळां येतो. एकाच घरांत मिळकतीचे हे दोन निराळे ओघ वाहूं लागले आहेत. परंतु दुसऱ्या ओघाला बांध कोठें घालावा याचा विचार फार थोड्या घरीं झालेला आम्हांस आढळतो. हंगामी पैशाची संवय असलेला बाप म्हणतो, "चार पैसे जमूं दे, मग एकदमच कांहीं तरी घेऊं." मुलाची समजूत अशी कीं, महिन्याचा पैसा महिन्यांतच जिरावयाचा. तीन-चार वर्षें नोकरी झाल्यावर पाहावें तों एक मोटारसायकल, एक भारी मोबाईल व दोहोंचे राहिलेले हप्ते, याखेरीज दाखविण्याजोगें कांहीं नसतें.

आमचें मुख्य म्हणणें आरंभींच सांगून टाकतों. शेतकऱ्याच्या मुलानें आपली शिल्लक शहरांतील पगारदाराच्या मुलाचें पाहून गुंतवूं नये. शहरांतील त्या मुलाच्या बापाला पेन्शन असतें, निदान त्याच्या घरखर्चाचा मृगाच्या पावसाशीं संबंध नसतो. आपल्या मुलाच्या मागें मात्र पांच-दहा एकरांची जोखीम उभी आहे. ज्याचें अर्धें घर पावसावर अवलंबून आहे, त्यानें उरलेलें अर्धें बाजाराच्या तेजीमंदीवर सोंपविणें हा शहाणपणा नव्हे. त्याच्या शिलकेचें पहिलें काम व्याज मिळविणें हें नसून घराला सावकाराच्या ओट्यावर जाऊं न देणें हें आहे.

हें हिशेबानें पाहूं. समजा, मुलाच्या हातीं कपात जाऊन २२,००० रुपये पडतात. नागपुरांत खोलीचें भाडें व खाणावळ मिळून ९,००० गेले, जाणेंयेणें, मोबाईल, कपडे यांना ३,००० लागले, घरीं आईच्या हातीं ४,००० दिले, तर ६,००० उरतात. आतां जूनच्या अखेरीस पेरणी होऊन पावसानें तीन आठवडे ताण दिला व दुबार पेरणीची पाळी आली असें धरा. बियाणें व खत यांसाठीं पैसा दोन दिवसांत हवा असतो. बँकेचें पीककर्ज तर पहिल्या पेरणींतच संपलेलें. अशा वेळीं शेकडा दरमहा ३ रुपयांच्या दरानें ५०,००० रुपये काढले व कापूस विकून आठ महिन्यांनीं फेडले, तर व्याजापोटीं १२,००० रुपये जातात. तेच ५०,००० मुलानें पोस्टांत ठेवले असते, तर त्याच आठ महिन्यांत त्यांवर सव्वादोन हजारांच्या आसपास व्याज आलें असतें. म्हणजे एकाच कुटुंबाचा एक हात सव्वादोन हजार मिळवितो व दुसरा हात बारा हजार घालवितो. असे दोन हात आम्हीं पुष्कळ घरीं पाहिले आहेत, व ते एकमेकांस ठाऊकही नसतात.

म्हणून पहिले दहा महिने मुलानें दुसरा कसलाही विचार न करतां तें सहा हजार राष्ट्रीयीकृत बँकेंत साध्या बचत खात्यांत, अगर केव्हांही मोडतां येईल अशा अल्प मुदतीच्या ठेवींत टाकावेत. साठ हजारांची ही गंगाजळी म्हणजे त्याच्या स्वतःच्या व घरच्या मिळून पावणेचार महिन्यांच्या खर्चाची तरतूद होते. नोकरी सुटली, आई दवाखान्यांत गेली, पेरणी उलटली, तर हात घालावयाचा तो येथें. मोटारसायकलीसाठीं किंवा बहिणीच्या लग्नांतील मानपानासाठीं नव्हे. या पैशावर व्याज थोडें मिळतें म्हणून खंत करूं नये. विहिरीवर डिझेलचें इंजिन ठेवतों तें रोज चालावें म्हणून ठेवीत नाहीं.

येथें बँकेच्या पीककर्जाविषयीं एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्याविषयीं मुलांचा गैरसमज असतो. चार पुस्तकें शिकलेला मुलगा म्हणतो, "प्रथम बाबांचें सर्व कर्ज फेडून टाकतों." हेतु चांगला, पण हिशेब चुकलेला. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेखालीं ३ लाख रुपयांपर्यंतचें पीककर्ज मुदतींत फेडणाऱ्यास बिनव्याजी पडावें, अशी व्यवस्था महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं जाहीर केली. असें कर्ज मुदतीच्या कितीतरी आधीं फेडण्यांत लाभ नाहीं. तें मुदत चुकूं न देण्यांत सारा लाभ आहे. चार दिवस उशीर झाला तर सवलत जाते, नांव थकबाकीदारांत येतें व पुढच्या हंगामाचें कर्ज अडतें. कपाशीचा भाव पडलेला असतांना केवळ बँकेची तारीख आली म्हणून माल मिळेल त्या भावानें फुंकावा लागतो, तेव्हां मुलाच्या गंगाजळींतून महिना-दीड महिन्याची उसनवार मिळाली, तर तारीखही संभाळते व मालही थांबवितां येतो. सावकाराचें अगर दागिने गहाण टाकून काढलेलें कर्ज मात्र निराळें. तें असेल तर गंगाजळी निम्मी होतांच पुढचा प्रत्येक रुपया त्याकडे वळवावा. दरसाल शेकडा ३६ चें व्याज वांचविण्यासारखी दुसरी गुंतवणूक नागपुरांतच काय, मुंबईतही कोणी देणार नाहीं.

आतां नाजूक प्रश्नाकडे येतों. मुलाचा पैसा बापाचा कीं मुलाचा? जुन्या पद्धतीच्या घरांत हा प्रश्न विचारणेंच अमर्याद मानतात, व न विचारल्यामुळेंच पुढें भाऊ भाऊ तुटतात. थोरल्यानें पांच वर्षें घरीं पैसा पाठविला, त्यांतून बोअर झाली, ठिबक बसलें, वांटणीच्या वेळीं धाकटा म्हणाला, "जमीन वडिलार्जित, तींतलें सर्व समाईक." कोणाचेंच म्हणणें खोटें नव्हतें, लिहून ठेवलेलें तेवढें कांहीं नव्हतें. आम्ही वडीलधाऱ्या वाचकांस आग्रहानें सुचवितों कीं, मुलानें घरखर्चास द्यावयाची रक्कम एकदां ठरवून घ्यावी, ती हक्कानें घ्यावी. परंतु त्यापलीकडे शेतीसाठीं त्याच्याकडून जें घ्याल तें वहींत त्याच्या नांवें जमा धरून दिवाळीनंतर परत करावें. बापानें मुलाची उसनवार फेडण्यांत कमीपणा नाहीं. उलट, बाप फेडतो हें पाहिलें म्हणजे मुलगा दुसऱ्या वेळीं न मागतां देतो. ज्यांच्या घरीं अशी वही आहे, त्यांच्या सुना सासऱ्याविषयीं बऱ्या बोलतात, असाही आमचा अनुभव आहे.

गंगाजळी भरल्यावर मग खरी गुंतवणूक. तीविषयीं बोलण्यापूर्वीं मुलाच्या नांवें आधींच चाललेल्या एका गुंतवणुकीकडे लक्ष वेधतों. ती म्हणजे भविष्य निर्वाह निधि. नागपूरला ही कल्पना नवी नाहीं. जमशेटजी टाटांनीं १ जानेवारी १८७७ रोजीं येथें एम्प्रेस मिल सुरू केली व १८८६ सालीं तिच्या कामगारांसाठीं पेन्शन निधि स्थापिला. त्या काळीं हिंदुस्थानांत असें करणारे मालक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नव्हते. ती गिरणी पुढें बंद पडली. परंतु जें तेथें मालकाच्या मर्जीनें झालें, तें १९५२ च्या कायद्यानें देशभर बंधनकारक केलें. वीस किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांत मुलाच्या वेतनांतून शेकडा १२ कापले जातात व मालकानेंही तितकेच भरावयाचे असतात. मालकाच्या भागांतील मोठा हिस्सा पेन्शनकडे जातो. २०२३-२४ व २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठीं या निधीवरील व्याज शेकडा सव्वाआठ ठरलें होतें. इतक्या खात्रीच्या ठिकाणीं इतकें व्याज दुसरीकडे सहसा मिळत नाहीं. असें असूनही आमचे तरुण काय करतात? एक नोकरी सोडून दुसरी धरली कीं जुना निधि काढून घेतात व तो पैसा लग्नसराईंत किंवा नव्या गाडींत जातो. तसें न करतां आपल्या यू. ए. एन. क्रमांकावर तो निधि नव्या नोकरींत वळवून घ्यावा. जीं मुलें ठेकेदाराकडे आहेत, त्यांनीं आपलें पासबुक दर दोन-तीन महिन्यांनीं मोबाईलवर उघडून पाहावें. पगारांतून रक्कम कापली म्हणजे ती भरलीच गेली असें समजूं नये.

उरलेल्या सहा हजारांपैकीं निम्मे पोस्टाच्या आवर्ती ठेवींत, म्हणजे लोक जिला आर. डी. म्हणतात तींत, घालावेत असें आम्हांस वाटतें. मुदत पांच वर्षें. ऑक्टोबर २०२३ पासून तिचा दर शेकडा ६.७ झाला, त्या दरानें दरमहा ३,००० भरल्यास पांच वर्षांत भरलेल्या १,८०,००० चे सुमारे २,१४,००० होतात. सरकार हे दर दर तीन महिन्यांनीं ठरवितें, पण एकदां उघडलेल्या आवर्ती ठेवीचा दर मुदतीपर्यंत बदलत नाहीं. वर्षभर हप्ते नीट भरले असतील तर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्जही मिळतें, त्यामुळें अडचणींत ठेव मोडावी लागत नाहीं. विहिरीचें खोलीकरण, पंप, ठिबक किंवा स्वतःचें लग्न, असें पांच वर्षांच्या आंत दिसणारें जें काम असेल, त्यासाठीं ही ठेव.

त्याहून लांबच्या काळासाठीं सार्वजनिक भविष्य निर्वाह निधि, म्हणजेच पी. पी. एफ. ही योजना १९६८ सालची. वर्षाला किमान ५०० व कमाल दीड लाख रुपये भरतां येतात, मुदत पंधरा वर्षें, व्याजावर प्राप्तिकर नाहीं. एप्रिल २०२० मध्यें तिचा दर शेकडा ७.१ ठरला व पुढें वर्षानुवर्षें तोच राहिला. हाच दर पंधरा वर्षें धरला तर दरमहा २,००० भरणाऱ्याचे ३,६०,००० भरून सव्वासहा लाखांहून कांहीं अधिक हातीं येतात. पैसे महिन्याच्या ५ तारखेपूर्वीं भरावेत, कारण ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत जी कमींत कमी शिल्लक असेल तीवरच त्या महिन्याचें व्याज धरतात. पगार १ तारखेला होत असेल तर ही गोष्ट अगदीं सोपी आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीनें या निधीचा एक विशेष आम्हीं कोठें फारसा सांगितलेला पाहिला नाहीं. कर्जाच्या वसुलीसाठीं न्यायालयाचा हुकूमनामा झाला तरी या खात्यांतील रकमेवर जप्ती आणतां येत नाहीं. बापाला जामीन राहून मुलगा अडकल्याच्या कथा ज्यांनीं ऐकल्या आहेत, त्यांस याचें मोल वेगळें सांगावयास नको.

हें सर्व ऐकून मुलें आम्हांस हंसतात. "काका, सहा-सात टक्क्यांत काय ठेवलें आहे?" असें म्हणतात. याचें उत्तर नागपूरच्याच अनुभवानें देतां येतें. २०१३ सालीं श्रीसूर्या व २०१४ सालीं वासनकर वेल्थ मॅनेजमेंट या नागपुरांतील गुंतवणूक कंपन्यांवर ठेवीदारांच्या फसवणुकीबद्दल गुन्हे दाखल झाले. बँकेहून कितीतरी अधिक परताव्याच्या आशेनें त्यांत पैसा घालणारे लोक अडाणी नव्हते. पगारदार, निवृत्त अधिकारी, डॉक्टर असे शिकलेले लोक होते. ठेवीदारांच्या संरक्षणाचा राज्याचा १९९९ चा कायदा होता, मालमत्ता जप्त झाल्या. परंतु जप्तीनंतर विक्री होऊन पैसा हातीं येणें ही गोष्ट वर्षांनीं मोजावी लागते.

बरें, खासगी माणसांवर विश्वास न ठेवतां सहकारी संस्थेंत ठेवला तर? सहकारावर आमची निष्ठा आहे, म्हणूनच येथें कटु सत्य सांगणें भाग आहे. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेनें २००१-०२ सालीं होम ट्रेड व इतर दलालांमार्फत सव्वाशे कोटींच्या आसपास रकमेचे सरकारी कर्जरोखे घेतले. रोखे बँकेच्या हातीं आले नाहींत व पैसाही गेला. खटल्याचा निकाल लागण्यास वीस वर्षांहून अधिक लागलीं. २२ डिसेंबर २०२३ रोजीं नागपूरच्या न्यायालयानें बँकेच्या तत्कालीन अध्यक्षांसह सहा जणांस दोषी ठरवून शिक्षा दिली. दरम्यान जिल्ह्यांतील शेतकऱ्यांची ही हक्काची बँक पांगळी झाली, व पीककर्जासाठीं लोकांस दुसरीं दारें ठोठवावीं लागलीं. सरकारी रोख्यांसारखी पक्की वस्तुसुद्धां ती खरोखर हातीं आली कीं नाहीं हें न पाहिल्यास कागदच ठरते, एवढें त्यांतून दिसलें.

आमचीही गोष्ट सांगतों. संत्र्याच्या बहाराचे पैसे आम्हीं एका पतसंस्थेंत ठेवले होते, कारण बँकेहून शेकडा तीन व्याज जास्त होतें व तेथील मंडळी ओळखीची होती. एके दिवशीं दाराला कुलूप दिसलें. सात वर्षांनीं निम्मे पैसे परत मिळाले. त्या वेळीं आम्हांस हें ठाऊक नव्हतें कीं, बँकेंतील ठेवीला जो विमा असतो तो पतसंस्थेंतील ठेवीला नसतो. हा विमा येण्यास कारण झालेल्या दोन बुडित बँकांपैकीं एक आपल्या वऱ्हाडांतील होती. १९६० सालीं केरळांतील पलाई सेंट्रल बँक व अकोल्याची लक्ष्मी बँक या बुडाल्या, त्यावरून १९६१ सालीं ठेवविम्याचा कायदा झाला व १ जानेवारी १९६२ पासून दर ठेवीदारास १,५०० रुपयांपर्यंत हमी मिळाली. ती मर्यादा वाढत १९९३ सालीं १ लाख व ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झाली. नागरी व जिल्हा सहकारी बँकांनाही ती लागू आहे. एका माणसाच्या एका बँकेंतील सर्व शाखांतील ठेवी, मुद्दल व व्याज धरून, एकत्र मोजतात हें मात्र लक्षांत असावें. पोस्टांतील ठेवीस अशी मर्यादा नाहीं, कारण तेथें प्रत्यक्ष केंद्र सरकार देणेंकरी असतें.

शेअर बाजाराविषयीं आमचें मत मुलांना पटत नाहीं, तरी देतों. पगारांतील हजार रुपये दरमहा निर्देशांकाबरहुकूम चालणाऱ्या कमी खर्चाच्या म्युच्युअल फंडांत घालण्यास आमची हरकत नाहीं, पण तो पैसा दहा वर्षें लागणार नाहीं अशा खात्रीनेंच. जानेवारी २००८ मध्यें सेन्सेक्स २१ हजारांच्या जवळ होता. मार्च २००९ मध्यें तो ८ हजारांच्या आसपास आला. पुढें तो सावरला व कितीतरी वर गेला, हें खरें. परंतु २००९ च्या मार्चमध्यें ज्याच्या बापाला पेरणीसाठीं पैसा हवा होता, त्याला पुढची तेजी काय कामाची? मोबाईलवर सौदे करून दिवसाकाठीं पैसे मिळविण्याचा जो नाद सध्यां होस्टेलांतून व खोल्यांतून पसरला आहे, त्यास आम्ही गुंतवणूक म्हणत नाहीं. तो पत्त्यांचाच एक डाव आहे.

विम्याबद्दल थोडक्यांत. नात्यांतला एजंट असतोच व त्यास नाहीं म्हणणें जड जातें. पण बचत व विमा एकत्र असलेल्या पॉलिसींत लहान हप्त्यास विमाही थोडा व परतावाही थोडा मिळतो. केवळ मृत्यूची जोखीम घेणारा मुदतीचा विमा स्वस्त पडतो. प्रधानमंत्री जीवनज्योति विमा योजनेंत जून २०२२ पासून वर्षाला ४३६ रुपये खात्यांतून कापून २ लाखांचा विमा मिळूं लागला. घरांत एकच पगार असेल तर एवढा तरी असावाच. सोनें लग्नापुरतें घ्यावें. घडणावळींत किती जातें हें इतवारीच्या सराफ्यांत मोडावयास गेल्यावर कळतें.

नागपूरकर तरुणाची खरी भूल प्लॉटची. वर्धा रोड, उमरेड रोड, काटोल रोड, जिकडे पाहावें तिकडे लेआऊटच्या पाट्या. हप्त्यानें प्लॉट घेण्यापूर्वीं सातबारा कोणाच्या नांवें आहे, अकृषिक परवानगीचा आदेश निघाला आहे काय, नकाशा मंजूर आहे काय, आणि ५०० चौरस मीटरांहून मोठ्या लेआऊटची महारेराकडे नोंदणी आहे काय, हीं चार कागदपत्रें बापानें स्वतः पाहावींत. या कामांत बाप मुलापेक्षां हुशार असतो. तलाठ्याच्या दप्तराशीं त्याचा जन्माचा परिचय असतो.

सर्व खातीं उघडून झालीं म्हणजे प्रत्येकावर वारस म्हणून कोणाचें नांव लाविलें आहे तें तपासावें. नोकरी लागतांना मुलगा आईचें नांव लावतो, पुढें लग्न होतें, मुलें होतात, आणि कागद तसाच राहतो. भविष्य निर्वाह निधींत तर लग्नानंतर पूर्वींचें नामनिर्देशन रद्द समजलें जातें व नवें करावें लागतें. पासबुकें व पॉलिसी नागपूरच्या खोलींत पेटींत न ठेवतां त्यांची एक यादी घरीं, शेताच्या कागदांबरोबर ठेवावी, व ती कोठें आहे हें घरांतील दोन माणसांस ठाऊक असावें. त्यांत एक बाई असावी.